पाचव्या भट्टीतला लाल

दात कोरून पोट भरत नाही, अशी आपल्यात म्हण आहे. माझं भरतं. तंजावरला दक्षिण वीथीच्या मागच्या गल्लीत माझी एक खोली आहे आणि तिथे मी दंतवैद्यांसाठी चिनी मातीचे दात करतो. लोक त्याला कॅप म्हणतात. धातूच्या पातळ टोपीवर चिनी मातीचा लेप द्यायचा, भट्टीत भाजायचा, घासून आकार आणायचा, रंग भरायचा, पुन्हा भाजायचा, आणि शेवटी चकाकी चढवायची. परदेशी माल सहज मिळू लागला तेव्हा मी जर्मन भट्टी आणवली. त्याआधी इथली सगळी कामं पार्सलने मद्रासला जायची आणि तिथून दात कसले, खडूचे तुकडे यायचे.

डॉक्टर लोक चिठ्ठीवर रंगाच्या जागी 'ए-टू' लिहून मोकळे होतात. जणू तंजावर जिल्ह्यातल्या सगळ्यांनी एकाच गाईचं दूध पिऊन दात काढलेत! मी ती चिठ्ठी बघतसुद्धा नाही. मी माणूस बोलावतो. सकाळी आठ ते दहाच्या दरम्यान, उत्तरेच्या खिडकीशी, दात ओला असताना बघतो, आणि तेही पाच मोजेपर्यंतच. मग नजर भिंतीवरच्या निळ्या कापडावर न्यायची आणि पुन्हा बघायचं. जास्त वेळ टक लावली तर डोळा दाताला सरावतो आणि मग दोष दिसेनासा होतो. माणसांचंही तसंच असतं, पण ते मला फार उशिरा कळलं.

हे मी फुशारकी मारायला सांगत नाही. फुशारकी होतीच, आणि तिच्यापायी माझ्या बहिणीचं काय झालं ते सांगायचं आहे.

भागीरथी अक्का माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. तिरुवैयारुला दिलेली. तिचे यजमान अनिरुद्धराव पापनाशमच्या तालुका कचेरीत होते, अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होऊन घरी बसले. घरात त्यांची आई वेंकूबाई आणि धाकटा भाऊ श्रीनिवासराव. एकुलता एक मुलगा कार्तिक इंजिनिअर होऊन बंगळूरला कॉम्प्युटरच्या कंपनीत लागलेला. अक्का संध्याकाळी आजूबाजूच्या मुलींना गाणं शिकवायची.

या नवराबायकोचं एक वेड होतं. दुपारचं जेवण झालं की भावोजी पानाचा डबा घेऊन ओसरीवर बसायचे. कुंभकोणमचं कोवळं पान, त्याची शीर नखाने सोलून काढायची, चुना बोटाने नुसता दाखवायचा, आणि दोन विडे. पहिला अक्काचा. तीस वर्षं हे चाललं होतं. अक्काचे दात त्यामुळे विटकरी लाल झाले होते, फटींमधून तर कॉफीसारखे काळपट. आणि ते दात झाकायचे असतात हे तिला कोणी शिकवलंच नव्हतं. ती हसायची तेव्हा पार पडजिभेपर्यंत दिसायची.

पंचाण्णव साली भावोजींची साठी आली. आमच्याकडे नवऱ्याची साठी म्हणजे दुसरं लग्नच. पुन्हा हार, पुन्हा मंगळसूत्र, मुलासुनांनी हसत आईबापाच्या डोक्यावर अक्षता टाकायच्या. मुहूर्ताला सतरा दिवस उरले असताना अक्का कावेरीच्या घाटावर पाय घसरून पडली. पायरीवर तोंड आपटलं आणि वरचे पुढचे दोन दात मधोमध मोडले.

भावोजी तिला बसने थेट माझ्या खोलीवर घेऊन आले. तिच्या तोंडावर पदर, त्यांच्या मुठीत रुमाल, आणि रुमालात दाताचे तुकडे.

"सुब्बू, सतरा दिवसांत होईल?" त्यांनी विचारलं.

"होईल. पण घरीं काय सांगितलंत?"

"ओठ सुजला, माहेरीं राहून औषध घेईल, असं सांगितलं. दात सांगितला नाहीं. आईचं तुज ठाऊक आहे."

मला ठाऊक होतं. अंगात व्यंग असलेल्या बाईने मंगलकार्यात नवऱ्याशेजारी बसू नये, बसली तर नवऱ्याच्या आयुष्याला खोट लागते, असं वेंकूबाई मानायच्या. नुसतं मानायच्या नाहीत, तसं वागायच्याही. स्वतःच्या सख्ख्या बहिणीला लंगडते म्हणून त्यांनी मुलाच्या मुंजीत मांडवाबाहेर बसवलं होतं.

"साठी पुढे ढकलतील आणि मग आयुष्यभर बोलतील," मी म्हणालो.

"तेंच. म्हणून हें आपल्या तिघांत राहूं दे."

अक्का पदराआडून फक्त मान हलवत होती.

आता डॉक्टर नटराज. माझी निम्मी कामं त्यांच्याकडूनच यायची. चांगला माणूस, हात हलका. त्यांनी अक्काचे दोन्ही दात खुंटापर्यंत घासून तयार केले, माप घेतलं, आणि मला बाजूला घेऊन तमिळमध्ये म्हणाले, "सुब्रह्मण्यम, आधी मी सगळे दात साफ करतो. पानाचे डाग निघू देत. मग खालचा खरा रंग बघून कॅप कर. डागाशी रंग जुळवायचा नसतो, हे मी तुला शिकवायला हवं का?"

बरोबरच बोलत होते. पहिल्या वर्षाच्या पोरालाही हे कळतं. डाग आज आहे, उद्या नाही. दात मात्र राहतो.

पण दात साफ केले तर अक्का घरी पांढरे दात घेऊन जाणार आणि वेंकूबाई पहिल्या क्षणीच विचारणार, हे काय. शिवाय साफ केलेले बाकीचे दात दोन महिन्यांत पुन्हा लाल होणार, कारण पान काही सुटणार नव्हतं, आणि मधले दोन तेवढे पांढरे राहणार. मी हे सगळं डॉक्टरांना सांगितलं. खोटं काहीच नव्हतं. पण खरी गोष्ट अशी होती की विड्याचा रंग चिनी मातीत आणून दाखवायची मला खुमखुमी होती. तसलं काम मद्रासलाही कोणी केलेलं नव्हतं.

अक्का खुर्चीतून बोबड्या आवाजात म्हणाली, "मज माझेच दात पाहिजेत रे. दुसऱ्या बाईचे नकोत."

मग काय, मला जोरच चढला.

लाल हा फार दगाबाज रंग. पिवळा, तपकिरी, करडा हे भट्टीतून जसेच्या तसे परत येतात. लाल आत जातो आणि मातकट होऊन बाहेर पडतो. पहिल्या भाजणीत तो लोखंडाच्या गंजासारखा आला. दुसऱ्यात जांभळट. तिसऱ्यात बरा आला, पण चकाकी चढवल्यावर वर तरंगू लागला, नेलपॉलिशसारखा. सोपा मार्ग होता. वरून रंग मारायचा, त्यावर चकाकी द्यायची, झालं. नको झाला तर पुढे कधीतरी घासूनही काढता येतो. बहुतेक लोक तेच करतात. मला तो मार्ग म्हणजे म्हशीला पावडर लावणं वाटायचं. खऱ्या दातात डाग वर बसत नाही, आत मुरतो. म्हणून मी सगळं घासून टाकलं आणि थराथरांमध्ये रंग भरला. मुळाशी दाट, मध्ये विरळ, टोकाकडे जाऊ दिलाच नाही, कारण तिथे जिभेने रोज पुसला जातो. दोन्ही दातांवर एकेक बारीक चीर काढली, केसाएवढी, आणि तिच्यात कॉफीचा रंग सोडला.

पाचव्या भट्टीत तो जमला. खिडकीशी नेऊन, ओला करून पाहिला आणि मी एकटाच मोठ्याने हसलो. डॉक्टरांना फोन करून म्हणालो, आता हा रंग कोणाच्या बापाला ऐकणार नाही.

दात बसवल्यावर अक्काला आरसा दिला. तिने ओठ वर करून पाहिलं, एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून, आणि म्हणाली, "कोणते दोन ते तूंच सांग अत्ता." भावोजी तर डब्याचं झाकण उघडूनच बसले होते. दवाखान्याच्या पायरीवर त्यांनी विडा लावला आणि तिथेच तिला दिला.

साठीच्या दिवशी मी मांडवात पहिल्या रांगेत होतो. वेंकूबाई सुनेच्या अगदी तोंडासमोर बसल्या होत्या, आणि अक्का हसत होती, नेहमीसारखी, पडजिभेपर्यंत. मी तिच्याकडे बघतच नव्हतो. मी वेंकूबाईंकडे बघत होतो. त्यांना काही म्हणजे काही दिसलं नाही. त्या दिवशी मला वाटलं, जन्माचं सार्थक झालं.

दहा महिन्यांनी, ज्येष्ठात, जेवण झाल्यावर विडा लावताना भावोजी कलंडले. डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं. हातात शीर काढलेलं पान तसंच होतं.

त्या दिवसापासून अक्काने विडा बंद केला. तिला कोणी सांगावं लागलं नाही. वेंकूबाई स्वतः अडतिसाव्या वर्षी विधवा झालेल्या, त्यांनीही तेव्हा सोडला होता. नवऱ्याबरोबर विडा जातो, एवढं आमच्या घरांतून गृहीत धरलेलं असतं. काळ बदलला, टीव्हीवर बायका काय काय करतात, पण तिरुवैयारुच्या त्या घरात काळ दारातच चपला काढून बसायचा.

मी तेराव्याला होतो, नंतर कामात बुडालो. मध्ये दोनदा गेलो तेव्हा अक्का बोलताना पदर तोंडाशी धरायची. दुःख आहे, धरते, असं मी समजलो. मार्गशीर्षात गेलो तेव्हा घरात गाणं ऐकू आलं नाही.

"मुली येत नाहींत?" मी विचारलं.

"मींच बंद केलं."

"कां?"

ती मला मागच्या अंगणात घेऊन गेली. भर उन्हात उभी राहिली आणि पदर खाली केला. "पाहा," म्हणाली.

मी पाच मोजेपर्यंत पाहिलं. तेवढंही लागलं नाही. सहा महिने पान नाही, रोज मीठ आणि राखुंडी. तिचे सगळे दात फिके पडले होते, जुन्या हस्तिदंताच्या रंगाचे. आणि मधोमध माझे ते दोन, विटकरी, ताजे, जणू अत्ताच विडा खाऊन आली आहे. चिरेतला कॉफीचा रंग तर आता लांबूनही दिसत होता.

"पहिली ती राजम म्हणाली," अक्का सांगू लागली. वेंकूबाईंना ती अत्तेबाई म्हणायची. "आठ वर्षांची पोर. शिकवतां शिकवतां विचारलं, टीचर, वेत्तिलैचं पान खाल्लात काय? आतून अत्तेबाईंनीं ऐकलं. दुसऱ्या दिवशीं डबा त्यांच्या कपाटांत गेला, कुलूप लावून. मज कांहीं बोलल्या नाहींत. नुसतं कुलूप मज दिसेल असं लावलं."

"मग?"

"मग डबा बंद असूनही दात लाल. म्हणजे मी बाहेरून आणवते. श्रीनिवास भावोजी येतां जातां माझ्या पदराची गांठ पाहतात. अत्तेबाई मज देवाचं पाणी भरूं देत नाहींत. म्हणतात, खाणाऱ्याचं तोंड बांधतां येत नाहीं, पण माझे देव मीं सांभाळीन. मीं सांगितलं, नाहीं खाल्लं. त्या म्हणाल्या, दात काय खोटं बोलतात?"

तिचा आवाज इथपर्यंत सरळ होता. मग तो फुटला.

"ते सगळं सोसीन रे. गेल्या महिन्यांत कार्तिक आला होता. आजीनं त्याला सांगितलंच असेल. जातांना माझ्याजवळ बसला, आणि पिशवींतून पान काढलं. कुंभकोणमचं. मज म्हणाला, अम्मा, तूं खा. मज कांहीं वाटत नाहीं, हे जुने लोक आहेत, तूं घाबरूं नको. मीं म्हटलं, मीं खात नाहीं रे. तर हसला. म्हणाला, बरं, नाहीं खात. आणि पान उशाखाली ठेवून गेला." तिने डोळे पुसले. "मीं कांहीं केलंच नाहीं आणि माझा पोर मज क्षमा करून गेला."

माझं डोकं भडकलं. मी म्हणालो, अत्ता आत जातो आणि सांगतो, हे दात मी केलेत, हा रंग माझा आहे, पानाचा नाही, म्हातारीला हवं तर नखाने खरवडून बघ म्हणावं.

अक्काने माझा दंड धरला. तिच्या बोटांत एवढी ताकद असेल असं मला वाटलं नव्हतं.

"आणि केव्हां केलेस म्हणून विचारतील तेव्हां? साठीच्या आधीं. मोडक्या तोंडानं, चोरून, नवऱ्याशेजारीं बसली आणि दहा महिन्यांत नवरा गेला. हें म्हणतील की नाहीं?"

"म्हणूं देत! मूर्ख आहेत."

"अत्ता म्हणतात तें खोटं आहे, मज ठाऊक आहे, म्हणून सोसतें. तें दुसरं म्हणूं लागले, सुब्बू, तर मज तें खरं वाटेल. रोज वाटेल." तिने पदर पुन्हा तोंडाशी घेतला. "अत्ताही कधीं कधीं वाटतं."

मी तिला घट्ट धरून म्हणायला हवं होतं की वेडी आहेस. म्हणालोही, पण दबक्या आवाजात, आत ऐकू जाऊ नये म्हणून.

"मग कार्तिकला तरी सांगूं दे."

"त्याचं तोंड तुझ्यासारखंच आहे. आजीशीं भांडेल आणि भांडणांत सांगून टाकील." तिने माझा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवला. "मी जिवंत असेपर्यंत नाहीं सांगणार म्हण."

मी म्हटलं. आपलेच दात आणि आपलेच ओठ, बोलायचं कोणाला?

तंजावरला येऊन मी डॉक्टर नटराजना विचारलं, रबरी चाकाने तोंडातल्या तोंडात घासून रंग काढता येईल का. ते नाही म्हणाले. रंग वर मारलेला असता तर अर्ध्या तासाचं काम होतं. पण तो थराथरांत होता. जितकं घासावं तितका आतला उघडा पडणार आणि शेवटी खालचा धातू लागणार. दात कापून काढायचे आणि नवे बसवायचे, एवढाच उपाय. त्यासाठी अक्काने चार-पाच वेळा तंजावरला यायला हवं, मध्ये काही दिवस तोंडात तात्पुरते पांढरे दात घालून. वर्षाच्या आत ती त्या घरातून बाहेर पडणार नव्हती.

"वर्षश्राद्ध होऊं दे," तिने निरोप पाठवला. "मग आठ दिवस माहेरीं येतें. वर्ष सरलेल्या बाईला कोणी अडवत नाहीं."

तिच्या मापाचा प्लास्टरचा साचा मी जपून ठेवला होता, प्रदर्शनात ठेवावा तसा. तो खाली काढला. अंगणात पाच मोजेपर्यंत पाहिलेला तो हस्तिदंती रंग डोळ्यांत होताच. त्या रंगाचे दोन दात केले. दोन भाजण्यांत झाले. साधं काम होतं, कोणीही केलं असतं. डबीत कापूस घालून ते ठेवले आणि डबीवर तारीख लिहिली, ज्येष्ठातली.

वैशाखात तिला कावीळ झाली. श्रीनिवासरावांचा निरोप आला तेव्हा मी गेलो, कार्तिकही बंगळूरहून आला. तिला तंजावरच्या इस्पितळात हलवायचं ठरेपर्यंत तिची शुद्ध गेली, मग घरीच ठेवलं. तेवढ्यातही तिने ओठ मिटलेले होते. पाणी पाजायला कार्तिक चमचा लावायचा आणि ती दात आवळून घ्यायची. त्याला वाटायचं, कावीळ डोक्यात गेली. मला कळत होतं ती काय झाकते आहे. मी कोपऱ्यात उभा होतो, शर्टाच्या खिशात ती डबी होती. ती मी कशाला नेली होती कोण जाणे.

चौथ्या दिवशी सकाळी ती गेली.

तोंडात गंगाजल आणि तुळस घालायला वेंकूबाई पुढे झाल्या. ऐंशी वर्षांची बाई, गुडघ्यांवर हात रोवून खाली बसली. त्यांनी दोन बोटांनी अक्काचा ओठ वर केला आणि थांबल्या. काविळीने हिरड्या, जीभ, सगळं पिवळं पडलं होतं आणि मध्ये ते दोन दात. "शेवटपर्यंत सोडलं नाहींस ग," त्या म्हणाल्या. रागाने नाही, थकून म्हणाल्या. मग तुळशीचं पान त्यांनी दातांना लागू न देता गालाच्या आत ठेवलं.

आता बोलायला मला कोणती शपथ आड येत होती? ती जिवंत असेपर्यंतचीच होती. तरी मी बोललो नाही. मला माझ्या तोंडाची भीती वाटली असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मला माझ्या हाताची लाज वाटली. कार्तिक माझ्या शेजारी उभा होता आणि त्याने खाली बघत हळूच म्हटलं, "आजी, पुरे. खाल्लं तर खाल्लं."

दुसऱ्या दिवशी सकाळी अस्थी गोळा करायला आम्ही तिघं गेलो, कार्तिक, श्रीनिवासराव आणि मी. कावेरीत पाणी नव्हतं, वाळूच होती. मसणवट्यावरच्या माणसाने राखेवर दूध-पाणी शिंपडलं आणि बाजूला सरला. कार्तिक उकिडवा बसून बोटांनी राख चाळत होता. हाडांचे तुकडे खडूसारखे पांढरे झाले होते, उचलताना भुगा व्हायचा. दातांचं तर काहीच उरलं नव्हतं.

मग त्याच्या बोटांना काहीतरी टणक लागलं. त्याने उचललं, फुंकर मारली. लाल. लगेच दुसरा सापडला, एका कोपऱ्याला टवका उडालेला, बाकी जसाच्या तसा. चिरेतला कॉफीचा रंगही तसाच.

श्रीनिवासराव वाकून बघत म्हणाले, "बघ. चितेंतही विडा सुटला नाहीं."

कार्तिक इंजिनिअर मुलगा. तो त्या पांढऱ्या हाडांकडे बघत होता आणि मग तळहातावरच्या त्या लाल दाताकडे. त्याने दात उलटा केला. आत पोकळ होतं आणि पोकळीला काळवंडलेल्या धातूचं अस्तर होतं.

"मामा," तो म्हणाला, "पानाचा रंग जळतो ना?"

"जळतो."

"मग हा काय आहे?"

मी वाळूत बसलो. "माझा आहे," म्हणालो. "दोन्ही मी केले. घाटावर पडली तेव्हां मोडले होते. तुझ्या बाबांनीं आणलं होतं तिला."

"केव्हां?"

"साठीच्या आधीं."

"साठीच्या आधीं?" श्रीनिवासराव सरळ उभे राहिले. "म्हणजे साठीला वहिनी मोडक्या..." त्यांच्या चेहऱ्यावर हिशेब सुरू झालेला मला दिसला. ज्याची तिला भीती होती तोच.

"काका," कार्तिक मान वर न करता म्हणाला, "एक शब्द घरीं बोललात तर मी तुमचं तोंड पुन्हा पाहणार नाहीं."

ते मुकाट्याने लांब जाऊन उभे राहिले. कार्तिक माझ्याकडे वळला.

"म्हणजे ती खात नव्हती."

"नाहीं."

"कधींच नाहीं?"

"तुझे बाबा गेल्यापासून एकदाही नाहीं."

मसणवट्याचा माणूस मडकं घेऊन खोळंबला होता.

"मींच तिला पान आणून दिलं होतं मामा," तो म्हणाला. "खा म्हणालों. ती म्हणाली, मीं खात नाहीं, आणि मीं हसलों."

तुझा दोष नाही म्हणावं तर मग कोणाचा, हे त्याने विचारलं असतं. मडक्याशेजारी पाण्याची कळशी होती. कार्तिकने ती ओढून घेतली, दोन्ही दात तळहातावर धरून त्यांवर पाणी ओतलं आणि अंगठ्याने घासायला लागला. राख निघाली. लाल वर आला, ओला, चकचकीत, मी खिडकीशी पाहिला होता तसा. तो आणखी जोरात घासू लागला. मग वाळूची चिमूट घेऊन घासू लागला.

"कार्तिक," मी म्हणालो, "तो निघायचा नाहीं रे. मीं पांच वेळा भाजलाय."

त्याने ऐकलं की नाही कोण जाणे. तो घासतच राहिला.